अख्तरची टोपी, भीमचे जंगल

मार्च २०२२ मध्ये ‘आर आर आर’ प्रदर्शित झाला. त्याच आठवड्यात नववीच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, “सर, भीम अपना था क्या?” मी म्हणालो, “नहीं बेटा, गोंड था. आदिलाबाद का.” तो थोडा हिरमुसला. मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “फिर टोपी कायकू पहना?” वर्ग हसला, मीही हसलो आणि धडा पुढे सुरू केला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. ते शोधताना मला थेट अमेरिकेच्या वाळवंटापर्यंत जावे लागले. जंगलाची आणि तिथल्या मूळ माणसाची गोष्ट पडद्यावर कशी सांगायची, याचा साचा तिकडेच तयार झालेला आहे.

त्या साच्याशी आपली ओळख जुनी आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला ‘मॅकेनाज गोल्ड’ (१९६९) तोंडपाठ होता. त्यात ओमर शरीफ होता, म्हणजे ‘अपना’ होता, मग भले तो डाकूच का असेना! अपाचे लोकांच्या दरीत सोने आहे, सगळे गोरे त्यामागे धावत आहेत, आणि सोने ज्यांचे आहे त्यांना कुणी काही विचारत नाही. चित्रपट पाहताना आपणही विचारत नाही. आपली नजर घोड्यांवर असते.

अमेरिकन माणूस ज्याला फ्रंटियर म्हणतो त्याला मराठीत नेमका शब्द मला तरी सापडला नाही. शीव, वेस, सरहद्द हे आपले सगळे शब्द दोन वस्त्यांमधल्या रेषेचे आहेत. रेषेच्या अलीकडे माणसे आहेत आणि पलीकडेही आहेत, हे त्यात गृहीत आहे. फ्रंटियर म्हणजे वस्तीची पुढे पुढे सरकणारी कड, आणि तिच्यापुढे ‘मोकळी’ जमीन. १८९३ साली शिकागोमध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने निबंध वाचला, की अमेरिकन स्वभाव, तिथली लोकशाही, तिथला स्वावलंबी माणूस हे सगळे या कडेवर घडले. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात, जागतिक प्रदर्शनाच्या शेजारी, बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचा तमाशा भरला होता. त्यात खरे इंडियन खोट्या लढाया हरत होते. वूंडेड नीचे हत्याकांड डिसेंबर १८९० मधले. तीन वर्षेही झाली नव्हती, आणि त्याचा खेळ तयार होता. सिनेमाने पुढे टर्नरचा निबंध आणि बिलचा खेळ एकत्र केला, एवढेच.

जॉन फोर्ड हा या प्रकारातला उस्ताद. ‘स्टेजकोच’ (१९३९) पासून त्याने मोन्युमेंट व्हॅलीतले लाल खडक जगाला दाखवले. ती भूमी नवाहो लोकांची. फोर्डने त्यांनाच मजुरी देऊन कधी अपाचे बनवले, कधी कोमांची, आणि ‘शायेन ऑटम’ (१९६४) मध्ये शायेन. या शेवटच्या चित्रपटात ते शायेन म्हणून बोलतात ती भाषाही नवाहो आहे. गोऱ्या प्रेक्षकाला फरक कळणार नव्हता, म्हणून चालून गेले.

त्याचा ‘द सर्चर्स’ (१९५६) माझ्या मते फार मोठा आणि फार अस्वस्थ करणारा चित्रपट आहे. कोमांची लोक एका गोऱ्या कुटुंबाची कत्तल करून लहान मुलीला पळवून नेतात. तिचा काका ईथन, म्हणजे जॉन वेन, तिला वर्षानुवर्षे शोधत फिरतो. हळूहळू आपल्या लक्षात येते, की त्याला तिला सोडवायचे नाही, मारायचे आहे, कारण ती आता ‘त्यांची’ झाली आहे. अगदी शेवटी तो तिला उचलून घेतो, घरी आणतो आणि स्वतः उंबऱ्याबाहेर राहतो. दार बंद होते. नायकाच्या मनातला द्वेष फोर्डने लपवला नाही, हे त्याचे मोठेपण. परंतु कोमांचींचा सरदार स्कार याची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केली, आणि ज्या मुलीसाठी एवढा शोध चालतो तिला काय हवे हे चित्रपट जेमतेम विचारतो. मोठा कलावंतसुद्धा साच्याच्या किती बाहेर जाऊ शकतो, याची ही मर्यादा.

आपल्याकडे हा साचा आला तेव्हा त्यातून इंडियनच गळाला. १५ ऑगस्ट १९७५ चा ‘शोले’ पाहा. खडक आहेत, आगगाडीवरचा हल्ला आहे, उद्ध्वस्त कुटुंब आहे, भाड्याने आणलेले दोन शूर आहेत. मूळ माणसाच्या जागी डाकू आला. रामगढ कुणाची जमीन होती, हा प्रश्न संपला. आपल्याला तिथे मिळाले ते इमामसाहेब. ए. के. हंगल यांचे रहीमचाचा अंध आहेत, गरीब आहेत, आणि त्यांचा एकुलता अहमद (आपला सचिन) गब्बरकडून मारला जातो. गाव कच खाते तेव्हा हाच बाप म्हणतो, की गावासाठी शहीद व्हायला अल्लाहने मला आणखी मुलगे का दिले नाहीत. सलीम-जावेद यांनी हे मनापासून लिहिले असणार, आजही गळा दाटतो. पण पडद्यावरच्या सीमेवर मुसलमानाला जागा मिळाली ती मुलगा देऊन, हेही नोंदवायला हवे. तो गावात राहतो याला पुरावा लागला.

आता ‘आर आर आर’. एस. एस. राजमौली यांच्या या चित्रपटावर ‘नाटू नाटू’च्या गाण्यामुळे आणि २०२३ च्या ऑस्करमुळे एवढे लिहिले गेले, की त्याची मूळ कथा बाजूला राहिली. १९२० साल. आदिलाबादच्या जंगलात इंग्रज गव्हर्नर शिकारीला येतो. त्याच्या बायकोला मल्ली नावाची गोंड मुलगी आवडते आणि ती तिला एखाद्या वस्तूसारखी गाडीत घालून नेते. आईपुढे नाणी टाकतात. आई गाडीमागे धावते तेव्हा गव्हर्नर शिपायाला बंदुकीच्या गोळीची किंमत समजावून सांगतो, आणि मग तिच्या डोक्यात लाकूड घातले जाते. गोंडांचा राखणदार कोमरम भीम मुलीच्या शोधात दिल्लीला जातो आणि अख्तर या नावाने एका मुस्लिम कुटुंबात राहतो.

हा उलटा केलेला ‘द सर्चर्स’ आहे. तिकडे इंडियन मुलगी पळवतात आणि गोरा शोधतो. इथे गोरे पळवतात आणि गोंड शोधतो. राजमौलींनी फोर्ड डोळ्यांसमोर ठेवला होता की नाही हे महत्त्वाचे नाही, गोष्ट फिरली हे महत्त्वाचे. बहुधा म्हणूनच अमेरिकेतले प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून नाचले. त्यांच्याच घरची गोष्ट पलीकडच्या बाजूने कुणीतरी सांगत होते. मला स्वतःला पहिला तासभर भारावल्यासारखे झाले. वाघाला पकडून त्याचीच माफी मागणारा नायक हिंदी पडद्यावर मी पाहिला नव्हता.

भारावणे ओसरल्यावर मात्र खऱ्या भीमचा शोध घ्यावासा वाटला. तो इंग्रजांविरुद्ध नव्हे, निजाम सरकारविरुद्ध लढला. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, पलीकडे राजुरा. १८५४ पासून अलीकडे इंग्रज होते, पलीकडे निजाम. आजचा राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडमध्ये आला आणि १९५९ साली आपल्या जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे भीमची गोष्ट आमच्यासाठी परक्या मुलखातली नाही, नदीपलीकडची आहे. जंगल राखीव होत गेले. गोंड-कोलामांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेते एका रात्रीत ‘अतिक्रमण’ ठरली. १९२९ च्या सुमारास काझीपेठ-बल्लारशाह रेल्वे पुरी झाली आणि जमिनीला भाव आला. सावकार, व्यापारी, नवे शेतकरी आले. ते सर्व धर्मांचे होते आणि मराठी बोलणारेही त्यांत पुष्कळ होते. वेस्टर्नमधली आगगाडी आणि ही आगगाडी एकच आहे, फक्त इथे तिच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे काही साथीदार मारले गेले.

चित्रपटात या निजामाचे काय झाले? त्याचा एक अधिकारी दिल्लीला जाऊन इंग्रजांना सावध करतो, की गोंडांची मुलगी परत करा, त्यांचा राखणदार तिला घ्यायला आल्याशिवाय राहणार नाही. बस्स, एवढेच. ज्या सरकारच्या गोळीने भीम मेला ते सरकार निरोप्या झाले. मुस्लिम प्रेक्षक म्हणून मला इथे सुटल्यासारखे वाटले, हे प्रामाणिकपणे सांगतो. आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटली.

वाचकहो, मी उर्दू माध्यमाचा शिक्षक आहे. उस्मानिया विद्यापीठाचे नाव घेताना आमची छाती फुगते. १९१८ साली उच्च शिक्षण उर्दूतून देणारे विद्यापीठ उभे राहिले, विज्ञान आणि वैद्यक उर्दूत आणण्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उघडले. बी.एड.ला असताना मातृभाषेतील शिक्षणावरच्या चर्चेत मी हेच उदाहरण अभिमानाने दिले होते, पुढेही देईन. परंतु हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती, म्हणजेच गोंडाच्या शेताला जंगल ठरवणारा कागदही उर्दूत होता. ज्या लिपीत मी मुलांना ‘अलिफ’ गिरवायला लावतो ती त्याच्या दारात दंडाची पावती घेऊन आली. ही गोष्ट आमच्या मासिकांतून, मुशायऱ्यांतून, तकरीरींतून मी कधी ऐकली नाही. निजामाची उदारता ऐकली, दागिने ऐकले, १९४८ ची पोलीस कारवाई आणि तिच्यानंतरचे आपल्या लोकांचे हाल ऐकले. ते हाल खरे आहेत. पण आपले हाल खरे आहेत म्हणून जोडेघाट खोटे ठरत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये चित्रपटातल्या भीमची झलक आली. शेवटच्या क्षणी भीमच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांत सुरमा दिसला आणि मोठा गदारोळ झाला. ज्याने निजामाशी झुंज दिली त्याला ही टोपी घालणे हा अपमान आहे, असे आदिलाबादकडून बोलले गेले. त्यात राजकीय पुढारी होते, चित्रपटगृहांना धमक्या होत्या. आमच्याकडे लगेच याला मुस्लिमद्वेष म्हटले गेले. द्वेष होताच, तो ओळखायला आता आपल्याला शिकवावे लागत नाही. परंतु त्या आवाजांत काही गोंडांचेही होते, आणि त्यांचे दुखणे वेगळे होते. आपल्या वीराला दुसऱ्याच्या वेषाशिवाय पडद्यावर उभे राहता येत नाही का, असा तो प्रश्न होता. द्वेष करणाऱ्याने गोंडाचा प्रश्न पळवला आणि आपण द्वेषाला उत्तर देताना त्या प्रश्नाकडे पाठ केली. निजामाचा जुलूम हा मुसलमानाचा जुलूम होता असे म्हणणाऱ्याने वर्धेच्या अलीकडे यावे. इथे निजाम नव्हता. इथे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांच्या माणसांनी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला, दोन इंग्रज ठार झाले. अहेरीच्या जमीनदारीणबाईंच्या मदतीने ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. तारेचे खांब, छावणी, जंगलातून येणारे घोडेस्वार असा सगळा वेस्टर्नचाच ऐवज आहे. शेडमाक्यांच्या वाट्याला कुणी राजमौली आलेला नाही. जंगल बळकावणाऱ्याचा धर्म नदीच्या दोन काठांवर दोन होता. जंगल ज्याचे गेले तो दोन्ही काठांवर एकच होता.

आता टोपीकडे येतो. अख्तर म्हणून भीम मुस्लिम घरात राहतो, त्यांच्याबरोबर जेवतो, मोटारसायकली दुरुस्त करतो. ते घर त्याला लपवते, जोखीम घेते. फार सुरेख प्रसंग आहेत ते. मात्र सर्पदंश झालेल्या मित्राला वाचवताना भीम आपली खरी ओळख सांगतो, आणि त्यानंतर ते घर कथेत फारसे उरत नाही. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, इंग्रजांनी त्यांना काय केले, चित्रपटाला पडलेले नाही. ‘शोले’त आपण मुलगा दिला होता, इथे घर दिले. दोन्हीकडे आपण चांगले आहोत, आणि दोन्हीकडे गोष्ट आपली नाही. अख्तर हे नाव माणसाचे नाही, वेषाचे आहे.

आणि तरीही राजमौलींनी नकळत एका खऱ्या गोष्टीला हात लावला आहे. आदिलाबाद-चंद्रपूर पट्ट्यात भीमची जी कथा सांगितली जाते ती अशी. सिद्दीक नावाच्या माणसाशी, कुणी त्याला जमीनदार म्हणते तर कुणी सरकारी माणूस, शेतावरून तंटा झाला. सिद्दीक मारला गेला आणि तरुण भीम पळून चांद्याला आला. इथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला. त्या छापखान्यात तो इंग्रजी, हिंदी आणि उर्दू शिकला. पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत गेला आणि मग परतला. ही कथा कागदोपत्री किती सिद्ध होईल ते इतिहासकारांनी ठरवावे, पण लोकांनी ती जपली आहे. गोंड बंडखोर आमच्या शहरात उर्दू शिकला. कशासाठी शिकला असेल? गझल म्हणायला नक्कीच नाही. दंडाच्या कागदावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये म्हणून. टोपीपेक्षा हे मला फार मोठे वाटते. वेष बदलून भीम शत्रूच्या शहरात शिरला हे पडद्यावर छान दिसते. भाषा शिकून तो शत्रूच्या कचेरीत शिरला, हे दाखवायला मात्र घोडा किंवा वाघ पुरत नाही.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट मला सर्वांत जास्त खटकला. लढाई संपल्यावर रामराजू भीमला विचारतो, तुला काय हवे ते माग. धनुष्य घेतलेला, भगवे नेसलेला राम आणि त्याच्यापुढे भीम. तो काय मागतो? आपल्या लोकांसाठी शिक्षण. मग रामराजू झेंड्यावर ‘जल, जंगल, जमीन’ लिहून देतो. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. ही घोषणा लोक भीमच्या नावाने सांगतात. ती त्याच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या हाताने लिहवली. लोककथेतला भीम स्वतः चांद्याला येऊन अक्षरे कमावतो, पडद्यावरचा भीम ती दान म्हणून मागतो. ‘लोन रेंजर’चा टोंटो असाच असतो, शूर, निष्ठावान, जंगलाचा जाणकार आणि नेहमी अर्धे पाऊल मागे. राजमौलींनी ‘द सर्चर्स’ उलटा केला, पण टोंटो तसाच ठेवला. शिवाय हे गोंड पडद्यावर गोंडी बोलत नाहीत. तेलुगू बोलतात, किंवा भाषांतरित आवृत्तीत हिंदी. नवाहोंना शायेन करणाऱ्या फोर्डने निदान कुणाची तरी खरी भाषा ऐकवली होती!

शिक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. जोडेघाटनंतर निजाम सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये काम करायला बोलावले. महायुद्धामुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबादच्या हद्दीत अडकला होता. त्याने आदिलाबादच्या मारलवाई गावात मुक्काम केला. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके केली, जमिनीचे पट्टे मिळवून देण्यासाठी धडपड केली. त्याची पत्नी १९८७ मध्ये वारली तेव्हा तिला मारलवाईतच पुरले. ज्या सरकारने गोळी घातली त्यानेच तीन वर्षांनी गोंडाला त्याच्या भाषेत शिकवायला गोंडच शिक्षक तयार केला. यात पश्चात्ताप किती आणि पुढचे बंड टाळण्याची हुशारी किती, ते मी सांगू शकत नाही. चित्रपटासाठी हे फार गुंतागुंतीचे आहे हे मान्य. पण निजामाला एक तर राक्षस किंवा निरोप्या करणाऱ्या दोन्ही बाजूंना हे अडचणीचे आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

आपल्या मराठी चित्रपटाने या जंगलाचे काय केले? समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (२०१४) हेमलकसात घडतो. १९७३ पासून तिथे उभे राहिलेले काम खरे आहे, त्यापुढे मान लवते. नाना पाटेकरांचा संयमही दाद देण्यासारखा आहे. परंतु चित्रपटाची चौकट ‘शेन’ (१९५३) चीच, बाहेरून एक माणूस येतो आणि वस्तीचे भले करतो. फरक एवढाच की शेन निघून जातो आणि डॉक्टर राहतात. माडिया तिथे रुग्ण आहेत, कृतज्ञ आहेत, पार्श्वभूमीला आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यासाठी गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला, ग्रामसभेत सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय लांबवले. बाहेरचा घोडेस्वार तिथे आला नाही. सभा पडद्यावर चालत नाही म्हणतात. मला वाटते कुणी नीट चालवून पाहिलेली नाही.

आणि ‘मॅकेनाज गोल्ड’? एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, त्याची जत्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये खाणीचा पट्टा दिला गेला, डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली, २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. वडिलांबरोबर तो चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा मी त्यांना म्हणालो, “अब्बा, ये सोना किसका है?” ते म्हणाले, “अपाचे का है ना, शुरू में बताया तो.” बरोबर होते. सुरुवातीला सांगितलेले असते.

त्या नववीतल्या मुलाची बॅच शाळेतून कधीच बाहेर पडली. आता नव्या वर्गाला मी नकाशा लावून जोडेघाट दाखवतो. जुन्या आदिलाबादमधून २०१६ मध्ये वेगळा निघालेला तो जिल्हा शोधायला मुलांना थोडा वेळ लागतो, मग कुणीतरी नाव मोठ्याने वाचते, “कुमरम भीम आसिफाबाद.” बंडखोराचे नाव आणि आसफजाही घराण्याची आठवण देणारे नाव, एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. यंदा एका मुलीने विचारले, “सर, दोनों का नाम साथ में किसने लिखा?” मी तिला म्हणालो, आधी दोघांची गोष्ट वेगवेगळी लिहून आण, उर्दूत एक पान आणि मराठीत एक पान. तिने अजून वही दिलेली नाही.